आजोबांची जपानी तलवार खरंच जुनी आहे का?

ऑगस्ट २०२५ मध्ये रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून मुंबईत आली, तेव्हा तिचे फोटो घरोघरी पाहिले गेले. तिच्या पात्याच्या पाठीवर सोन्यात देवनागरी अक्षरं आहेत: रघुजींचं नाव, 'सेनासाहेबसुभा' हा किताब आणि 'फिरंग' हा शब्द. फिरंग म्हणजे युरोपीय बनावटीचं पातं. ती अक्षरं वाचून तलवार कोणाची ते कळतं, पण ती कोणत्या लोहारानं घडवली ते कळत नाही.

जपानी तलवारीचं याच्या उलट आहे. तिच्यावर नाव असतं ते बहुधा लोहाराचं, आणि तेही कोणाला दिसू नये अशा जागी, मुठीच्या आत. त्या बातम्यांच्या दिवसांत ओळखीतल्या दोघांनी मला जवळजवळ एकच प्रश्न विचारला. "आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते. त्यांनी आणलेली जपानी तलवार माळ्यावर आहे. सामुराईची असेल का?" प्रश्न अगदी रास्त आहे. मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन १९४४ साली मणिपुरातल्या संगशाकला जपान्यांशी लढली होती, आणि १९४५ च्या शरणागतीनंतर जपानी अधिकाऱ्यांच्या तलवारी मोठ्या संख्येनं दोस्त सैन्याच्या हाती आल्या. तेव्हा हा लेख अशा घरांसाठी आहे, आणि ज्यांना पहिली जुनी जपानी तलवार विकत घ्यावीशी वाटते त्यांच्यासाठीही.

जुनी म्हणजे किती जुनी?

पारंपरिक पद्धतीनं, हातानं घडवलेल्या जपानी तलवारीला निहोंतो म्हणतात. संग्राहक तिचे ढोबळ चार काळ मानतात. १५९६ च्या आधीच्या त्या कोतो, म्हणजे जुन्या. तिथून साधारण १७८० पर्यंतच्या शिंतो, म्हणजे नव्या. (चारशे वर्षांपूर्वीच्या तलवारीला 'नवी' म्हणणारी ही भाषा सुरुवातीला गोंधळात टाकते.) पुढे १८७६ पर्यंतच्या शिनशिंतो आणि त्यानंतरच्या गेंदाइतो, म्हणजे आधुनिक. १८७६ ही रेघ ओढली गेली ती एका हुकुमामुळे. त्या वर्षी मार्चमध्ये जपान सरकारनं लष्कर आणि पोलीस असे थोडे अपवाद सोडून सर्वांना कमरेला तलवार लावून फिरायला बंदी केली. पिढ्यानपिढ्या तलवारी घडवणाऱ्या बहुतेक लोहारांना त्यानंतर विळे, सुऱ्या आणि शेतीची अवजारं करून पोट भरावं लागलं.

मग १९३४ साली जपानी लष्करानं जुन्या धाटणीची नवी तलवार गणवेशात आणली आणि मागणी एकदम वाढली. इतक्या तलवारी जुन्या पद्धतीनं घडवणं शक्यच नव्हतं. म्हणून कारखान्यातलं पोलाद, यंत्राचा हातोडा आणि पाण्याऐवजी तेलात बुडवणं, अशा सोप्या मार्गानं त्या बनू लागल्या. अशा तलवारींना शोवातो म्हणतात. माळ्यावरची तलवार यांच्यापैकी असण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे, हे आधीच मान्य करून पुढे जाऊ.

म्यान पाहून निर्णय करू नका

नवी साडी नेसली म्हणून आजी नात होत नाही. तलवारीचंही तसंच आहे. जपानी तलवारीची मूठ, परज आणि म्यान हे सगळं सुटं असतं आणि बदलता येतं. अधिकाऱ्याला तलवार स्वतःच्या पैशानं घ्यावी लागे. त्यामुळे काहींनी घरातलं वडिलोपार्जित पातं काढून त्यावर लष्करी मूठ आणि म्यान चढवलं. चामड्यानं मढवलेल्या साध्या लष्करी म्यानात चारशे वर्षांपूर्वीचं पातं निघाल्याची उदाहरणं आहेत. उलट, सोनेरी नक्षीच्या सुंदर म्यानातून अगदी सामान्य पातं निघतं.

हवालदार दर्जाच्या सैनिकांना १९३५ च्या नमुन्याची तलवार सरकारकडून मिळे. ती मात्र लगेच ओळखू येते. तिची मूठ धातूची ओतीव असते आणि तिच्यावर कापडी वीण असल्याचा नुसता आभास रंगवलेला असतो. पात्यावर क्रमांक ठोकलेला असतो. ही संपूर्ण यंत्रावर बनलेली. इतिहास म्हणून ती जपण्याजोगी आहे, पण सामुराईशी तिचा संबंध नाही.

मूठ उघडा, पण गंजाला हात लावू नका

खुरप्याची शेपटी लाकडी मुठीत शिरलेली असते ना, तसा जपानी पात्याचाही एक भाग मुठीत असतो. त्याला नाकागो म्हणतात. माझ्या मते या सगळ्या विद्येचं निम्मं शहाणपण या वीतभर लोखंडात आहे.

मूठ एका छोट्या बांबूच्या खुंटीवर अडकलेली असते. लाकडी किंवा पितळी काडीनं ती खुंटी एका बाजूनं हलकेच ढकलली की बाहेर येते. मग डाव्या हातात मूठ धरून पातं उभं, किंचित तिरकं ठेवायचं आणि उजव्या मुठीनं डाव्या मनगटावर हलके ठोके द्यायचे. नाकागो आतून सैल होतो. हे करताना शेजारी लहान मूल नको, वर पंखा फिरत नको. पातं धारदार असतंच. खुंटी निघत नसेल तर ठोकाठोक न करता तिथेच थांबा.

नाकागो बाहेर आला की पहिली ऊर्मी होते ती तो घासून लख्ख करायची. ब्रासो, लिंबू, सँडपेपर, काहीही लावू नका. तो कधीच पॉलिश केला जात नाही, शेकडो वर्षं गंजू दिला जातो, आणि म्हणूनच तो गंज वय सांगतो. जुन्या नाकागोवरचा गंज गडद तपकिरी-काळा, घट्ट आणि स्पर्शाला गुळगुळीत होत जातो. नारिंगी, भुरभुरीत गंज नवा असतो. ॲसिडनं आणलेला गंज सगळीकडे सारखाच आणि खडबडीत दिसतो. जुन्या वाड्याच्या तुळईला हात लावून तिचं वय कळतं आणि वार्निश मारलेल्या नव्या लाकडाला जसं ते सोंग जमत नाही, तसाच हा फरक आहे. नाकागो एकदा घासला की तलवारीचा जन्मदाखला गेला, आणि तो कोणीही परत देऊ शकत नाही.

आता शांतपणे पाहा. कानशीच्या रेघा कोणत्या दिशेला तिरक्या आहेत? प्रत्येक परंपरेची कानस मारायची रीत ठरलेली असे. खुंटीची भोकं किती? एकाहून जास्त असतील तर मूठ बदलली असेल किंवा पातं खालून कापून आखूड केलं असेल. अक्षरं असतील तर छिन्नीच्या खाचेत आणि बाहेर गंज एकाच वयाचा आहे का? खाच कोरडी आणि उजळ असेल तर नाव नंतर कोरलेलं असणार. सहीजवळ बोराएवढा छोटा शिक्का दिसला, तर बहुधा तो युद्धकाळातल्या तपासणीचा असतो, म्हणजे तलवार शोवातो. रंगानं लिहिलेले आकडे असतील तर ते जोडणीचे असतात, त्यांचा मोठा अर्थ नाही.

नाकागोच्या दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो उन्हात, सावली पडू न देता काढून ठेवा. कोणत्याही जाणकाराला पहिल्यांदा तेच लागतील.

पाणी पाजल्याची रेघ

विळ्याला किंवा कोयत्याला लोहार 'पाणी पाजतो' हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. जपानी लोहार हेच करतो, पण त्याआधी पात्यावर मातीचा लेप देतो. पाठीकडे जाड, धारेकडे पातळ. लालबुंद पातं पाण्यात गेलं की धार क्षणात थंड होऊन कडक होते. पाठ मातीच्या गोधडीखाली सावकाश थंड होते आणि चिवट राहते. कडक झालेलं पोलाद थोडं फुगतं. धारेची बाजू फुगली की पातं पाठीकडे वाकतं. जपानी तलवारीचा तो डौलदार बाक बराचसा या एका क्षणात येतो. याच क्षणी पातं तडकूही शकतं, आणि कित्येक दिवसांची मेहनत वाया जाते.

कडक आणि मऊ भागाच्या सीमेवर जी पांढुरकी रेघ उमटते तिला हामोन म्हणतात. खऱ्या हामोनची ओळख म्हणजे तिच्यात खोली असते. अंधाऱ्या खोलीत एकच उघडा बल्ब लावून पातं त्याच्याकडे तिरकं धरा. रेघेच्या काठावर कुठे धुकं, तर कुठे चांदण्यांसारखे सुटे कण चमकतात. पातं हलवलं की ते लुकलुकतात. ट्यूबलाइटखाली हे दिसत नाही. नकली पात्यावर ही रेघ ॲसिडनं किंवा तारेच्या ब्रशनं काढलेली असते. ती रांगोळीसारखी वरवर बसलेली दिसते, कोन बदलला तरी तिच्यात काही जिवंत होत नाही.

पात्याच्या अंगावर लाकडाच्या नसांसारखी बारीक वीणही दिसते. चिरोट्याची पोळी जशी लाटून, घडी घालून पुन्हा लाटतात, तसं लोहार पोलाद ठोकून, दुमडून पुन्हा ठोकतो, साधारण दहा ते पंधरा वेळा. दहा घड्यांचे १,०२४ थर होतात. यात जादू नाही. कच्च्या पोलादातली मळी बाहेर काढणं आणि कार्बन सगळीकडे सारखा करणं एवढाच त्याचा हेतू. 'लाख वेळा दुमडलेली' अशी जाहिरात दिसली की विक्रेत्याला गणित येत नाही असं समजावं.

"पण सही आहे की!"

नवख्या संग्राहकाचा घात सहीच करते. प्रसिद्ध लोहारांच्या खोट्या सह्या आज-काल सुरू झालेल्या नाहीत. तलवार ही भेट देण्याची, मान राखण्याची वस्तू होती, त्यामुळे मोठ्या नावाला शेकडो वर्षांपासून मागणी आहे. सतराव्या शतकात एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, कोतेत्सु नावाचा थोर लोहार होऊन गेला. कोतेत्सुची सही दिसली की ती खोटीच समजा, अशी म्हणच जपानी जाणकारांत आहे.

उलट बाजू आणखी नवलाची आहे. सगळ्यात जास्त वाखाणलेल्या पात्यांपैकी कितीतरी बिनसहीची आहेत. सर्वात मोठं नाव मासामुनेचं, तेराव्या-चौदाव्या शतकाच्या संधिकाळातलं. त्याच्या स्वतःच्या सहीची पाती अगदी मोजकी आहेत. शिवाय घोड्यावरून लढण्यासाठी घडवलेल्या लांब तलवारी पुढच्या काळात पायी लढणाऱ्यांना गैरसोयीच्या झाल्या. टोक आणि धार बिघडू नये म्हणून त्या मुठीकडून कापल्या गेल्या. सही त्या तुकड्याबरोबर गेली.

मग बिनसहीचं पातं कोणाचं ते कसं ओळखतात? घराण्याची गायकी ऐकणाऱ्याला नाव सांगावं लागत नाही. आलापाची बढत, स्वराचा लगाव, तानेची चाल ऐकून तो म्हणतो, हे किराण्याचं, हे जयपूरचं. जपानी तलवारींतही पाच मोठ्या परंपरा आहेत: यामाशिरो, यामातो, बिझेन, सोशू आणि मिनो. बाक कुठे सुरू होतो, टोक लहान की मोठं, पोलादाची वीण कशी, हामोन सरळ की लवंगेच्या कळ्यांसारखा फुललेला, यावरून आधी काळ, मग परंपरा, मग लोहार, अशी पायरीपायरीनं ओळख पटवतात. सही शेवटी पाहतात, आणि ती फक्त ताडून पाहायला. पातं एक सांगतंय आणि सही दुसरंच, असं झालं तर पात्यावर विश्वास ठेवतात.

हे नुसतं पुस्तकी नाही. ओकायामा प्रांतातलं सेतोउची हे छोटं शहर. ओसाफुने ही बिझेन परंपरेची जुनी लोहारवस्ती याच परिसरातली. या शहरानं २०२० साली लोकांकडून देणग्या जमवून सांचोमो नावाची तलवार ५० कोटी येनना विकत घेतली. ती एकेकाळी उएसुगी केनशिन या सेनानीच्या घराण्यात होती, आज राष्ट्रीय ठेवा आहे. तिच्यावर सही नाही.

कागद कोणता आणि तो काय सांगतो?

इथे दोन कागदांची गल्लत होते, आणि काही विक्रेते ती होऊ देतात.

पहिला तोरोकुशो. जपानमध्ये तलवार बाळगायची तर तिची प्रांताच्या शिक्षण मंडळाकडे नोंद लागते, त्याचा हा दाखला. लांबी, बाक, खुंटीच्या भोकांची संख्या आणि सही असेल तर तिची अक्षरं, एवढंच त्यावर असतं. हे गाडीच्या आरसी बुकासारखं आहे. गाडी नोंदलेली आहे हे त्यावरून कळतं, इंजिन चांगलं आहे की नाही ते नाही. खोट्या सहीच्या तलवारीलाही तोरोकुशो मिळतो. आणि तलवार जपानबाहेर जाताना सांस्कृतिक खात्याचं परवानगीपत्र घेऊन हा दाखला परत करावा लागतो. म्हणून जपानबाहेरचा विक्रेता मूळ तोरोकुशो अभिमानानं दाखवत असेल, तर तलवार रीतसर बाहेर पडली का, असं विचारा.

दुसरा कागद पारखीचा. पूर्वी होनआमी या पारखी घराण्याचं घडी घातलेलं पत्र चाले. त्याला ओरिगामी म्हणत, आणि 'ओरिगामी असलेला' याचा अर्थ जपानीत आजही 'खात्रीचा' असा होतो. आज सर्वात जास्त मान आहे तो १९४८ साली स्थापन झालेल्या निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई या संस्थेच्या दाखल्याला. तोक्योत रिओगोकु भागात तिचं तलवारींचं संग्रहालय आहे. तिच्या चार पायऱ्या आहेत: होझोन, तोकुबेत्सु होझोन, जुयो आणि तोकुबेत्सु जुयो. अर्थ साधारण असे: जतन करण्याजोगी, विशेष जतन करण्याजोगी, महत्त्वाची, विशेष महत्त्वाची. खोटी ठरलेली सही असेल तर दाखला मिळत नाही. १९८२ मध्ये ही पद्धत आली. त्याआधीच्या जुन्या दाखल्यांवर बाजार आज तेवढा भरवसा ठेवत नाही, जाणकार ती तलवार पुन्हा तपासायला पाठवतात.

हा दाखलाही हॉलमार्कसारखं प्रयोगशाळेतलं माप नसतो, ते अनुभवी डोळ्यांचं मत असतं. पण नवख्याच्या डोळ्यांपेक्षा ते कितीतरी भरवशाचं, म्हणून पहिली तलवार दाखल्याचीच घ्यावी असं मी आग्रहानं सांगतो.

"मग आजोबांची तलवार जपानला तपासायला पाठवू?"

आधी ती शोवातो नाही याची खात्री करा. पारंपरिक पद्धतीनं न घडवलेल्या युद्धकाळातल्या तलवारीची जपानमध्ये नोंद होत नाही, आणि नोंद नसलेली तलवार तिथे बाळगता येत नाही. पाठवलेली तलवार जप्त होऊन नष्ट केली जाण्याचा धोका खरा आहे. आधी फोटो दाखवा. फोटोंवरून निदान शोवातो की जुनं पातं, इतकं बहुतेक वेळा सांगता येतं.

"ऑनलाइन पंधरा-वीस हजारांत मिळते आहे, तिचं काय?"

ती सजावटीची आहे. अलीकडे बनलेल्या या नकलांवर तपकिरी रंगवलेला नाकागो, ठळक पण निर्जीव हामोन आणि डोळ्यांत भरणारी लाटालाटांची वीण असते. खऱ्या पात्यात वीण शोधावी लागते, नकलेत ती ओरडते. 'जुन्या वाड्यात सापडली' या गोष्टीचे पैसे मोजू नका.

खरी पण खराब तलवार स्वस्तात घेऊन पॉलिश करू, हा विचारही महागात पडतो. जपानी पॉलिश म्हणजे एकामागून एक बारीक होत जाणाऱ्या दगडांवर आठवड्यांचं काम. ते शिकायला दहा वर्षं जातात, आणि एका तलवारीचा खर्च लाखांत जातो. आपल्याकडच्या शिकलगाराचा हात तलवारीवर चांगलाच बसलेला असतो, पण त्याच्या चाकावर जपानी पात्याच्या कडा गोल होतात आणि हामोन दिसेनासा होतो. शिवाय प्रत्येक पॉलिशमध्ये थोडं पोलाद कायमचं जातं. आणि धारेत आडवी चीर, जपानीत हागिरे, असेल तर कोणतंही पॉलिश तिला वाचवत नाही. तिथे व्यवहार थांबवावा.

विकत घेण्याआधी कायदा पाहा. भारतात तलवार परदेशातून आणायला शस्त्र अधिनियम १९५९ खाली परवाना लागतो. घरात आहे तिची स्थितीही जिल्ह्याच्या शस्त्र परवाना शाखेत विचारून घ्या. ब्रिटनमध्ये ५० सेंटिमीटरहून लांब वक्र तलवारींवर बंदी आहे, पण १९५४ पूर्वी किंवा पारंपरिक पद्धतीनं घडवलेल्यांना सूट आहे. तिथल्या मराठी मंडळींना हा नियम कामाचा.

खंडेनवमीला काय करायचं?

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण नुकसान प्रेमानंच होतं. पात्यावर ओलं कुंकू, हळद किंवा गंध लावू नका. रात्रभरात डाग पडतो आणि तो पोलादात उतरतो. पूजा म्यानाची करा, फूल म्यानावर ठेवा. पात्याला बोट लावू नका, घामही पुरतो. मऊ कापडानं पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा, कोकणात पावसाळ्यात दर महिन्याला. जपानमध्ये यासाठी लवंगेच्या वासाचं तेल वापरतात. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, तलवार आडवी, धार वर करून ठेवा.

आणि माळ्यावरून ती उतरवताना म्यानाला किंवा मुठीला बांधलेली लाकडाची, कापडाची पट्टी किंवा मळका कागद दिसला, तर तो कचरा समजून काढू नका. शरण येताना काही जपानी अधिकाऱ्यांनी तलवारीला स्वतःचं नाव-गाव लिहिलेली चिठ्ठी बांधली होती, कधीतरी परत मिळेल या आशेनं. पातं कारखान्यातलं निघालं तरी त्या चिठ्ठीवरच्या माणसाचं घर कदाचित अजून असेल. तिचाही फोटो काढा, नाकागोच्या फोटोबरोबरच ठेवा.